‘बरं हाये’ म्हणजे नेमके किती बरे?

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "काय भाऊ, कसं काय?" समोरचा माणूस उत्तर देतो, "बरं हाये साहेब." डॉक्टर मान हलवतात, तीच औषधे पुढे चालू ठेवतात, पुढची तारीख देतात आणि बाहेरच्या बाकावरचा पुढचा रुग्ण आत येतो. मधुमेहात रक्तातील साखर तपासता येते, रक्तदाब यंत्रावर दिसतो, ताप थर्मामीटर सांगतो. मनाच्या आजारात मात्र असे यंत्र नाही. अर्धांगवायूनंतरच्या व्यायामात नाही, दारू सोडण्याच्या प्रयत्नातही नाही. तिथे सारा कारभार ‘बरं हाये’ या दोन शब्दांवर चालतो. आणि वाचकहो, हे दोन शब्द फार फसवे आहेत. आपल्या वऱ्हाडात तर घरात चूल पेटलेली नसली तरी विचारणाऱ्याला ‘बरं हाये’ म्हणण्याची रीत आहे.

उलट प्रकारही तितकाच घडतो. नैराश्याची गोळी सुरू करून पंधरा दिवस झालेले असतात. रुग्ण म्हणतो, "काहीच फरक नाही," आणि गोळ्या बंद करतो. वास्तविक या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला त्याहून अधिक. दरम्यान झोप थोडी सुधारलेली असते, जेवण अर्ध्या भाकरीने वाढलेले असते. घरातल्यांच्या ते लक्षात येते, पण ज्याचे मन आजारी आहे त्याच्या लक्षात येत नाही. नैराश्याचा हा स्वभावच आहे. वाईट दिवस आठवतात आणि बरे दिवस विसरले जातात. म्हणून केवळ आठवणीवर विसंबून ‘फरक पडला की नाही’ हे ठरवणे धोक्याचे असते. अर्धवट सोडलेला उपचार किती महागात पडतो, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको.

मग मोजायचे कसे?

एक मार्ग ठरावीक प्रश्नावलीचा. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली आणि आज ती जगभर वापरली जाते. मराठीतही तिचे भाषांतर आहे. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता, जगण्याविषयीचे विचार यांचा त्रास किती दिवस झाला, असे विचारून प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण दिले जातात. एकूण गुण २७. इथे जास्त गुण म्हणजे जास्त आजार, हे ध्यानात ठेवावे. शाळेच्या उलट! दहा किंवा त्याहून जास्त गुण असतील तर तज्ज्ञाने नीट पाहायला हवे असे समजतात. आज अठरा असलेले गुण महिन्याने अकरावर आले, तर रुग्ण काहीही म्हणो, आजार उतरत आहे.

ही प्रश्नावली उपयोगी आहे आणि तिला पर्याय नाही असेही काही ठिकाणी म्हणता येईल. तरी तिच्यात एक उणीव राहते. ती सर्वांना तेच विचारते. रिसोडच्या व्यापाऱ्याला, मानोऱ्याच्या तांड्यावरच्या बाईला आणि कारंज्याच्या कॉलेजातल्या मुलाला प्रश्न तेच. पण ‘बरे होणे’ या तिघांचे वेगवेगळे आहे. एकाला गल्ल्यावर बसायचे आहे, दुसरीला पोहरादेवीच्या यात्रेला चार माणसांत जायचे आहे, तिसऱ्याला परीक्षेच्या खोलीत तीन तास बसून पेपर लिहायचा आहे. प्रश्नावलीतले गुण कमी झाले आणि व्यापारी अजून दुकानात पाय ठेवत नसेल, तर त्याच्या दृष्टीने उपचार झालाच नाही.

यावर १९६८ साली अमेरिकेतील थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन या दोघांनी एक तोडगा सुचवला. मिनेसोटा राज्यात मानसिक आरोग्य केंद्रांच्या कामाचे मूल्यमापन कसे करावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी ठरवले की सगळ्यांना एकच फूटपट्टी लावण्याऐवजी प्रत्येक रुग्णाची फूटपट्टी वेगळी करायची, मात्र तिच्या खुणा उपचाराच्या सुरुवातीलाच पक्क्या करायच्या. मराठीत आपण तिला ध्येयपूर्तीचे मोजमाप म्हणू, किंवा सरळ पाच पायऱ्यांची पद्धत म्हणू. विहिरीत उतरायला पायऱ्या असतात, तशा या वर चढायच्या पायऱ्या.

मधली पायरी शून्याची. ठरवलेल्या मुदतीत जे साधेल अशी वाजवी अपेक्षा आहे, ते या पायरीवर लिहायचे. त्याच्या वर दोन पायऱ्या. अपेक्षेपेक्षा जास्त साधले तर अधिक एक, पुष्कळच जास्त साधले तर अधिक दोन. खाली उणे एक आणि उणे दोन. बहुतेक वेळा रुग्णाची आजची स्थिती उणे एकवर लिहितात आणि याहून प्रकृती बिघडली तर काय दिसेल, ते उणे दोनवर. शून्याला येथे कमीपणा नाही. शून्यावर पोचणे म्हणजे ठरवले ते झाले.

एक उदाहरण घेऊ. नाव-गाव देत नाही, कारण असे गृहस्थ मालेगाव तालुक्यातही भेटतील आणि मंगरूळपीरलाही. पन्नाशीचे शेतकरी, पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि त्यात तूर. तीन महिन्यांपासून पहाटे तीनला जाग येते ती येते, मग छताकडे पाहत पडून राहतात. वावराकडे फिरकत नाहीत. पारावरची बैठक सुटली. जेवायला हाक मारली तर म्हणतात, "भूक नाही मले." डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले, गोळ्या दिल्या आणि समुपदेशकाकडे पाठवले. समुपदेशकाने विचारले, "भाऊ, पोळ्यापर्यंत काय बदललेलं दिसलं म्हणजे तुम्ही म्हणाल की होय, फरक पडला?"

भाऊ म्हणाले, "कर्ज फिटलं पायजे."

इथे बहुतेक जण अडतात, म्हणून जरा थांबू. कर्ज फिटणे हे उपचाराचे ध्येय होऊ शकत नाही. गोळीने कर्ज फिटत नाही, सोयाबीनचा भाव समुपदेशक ठरवत नाही आणि पावसाचा खंड कोणाच्या हातात नाही. असे ध्येय लिहिले तर माणूस सुधारूनही वहीत नापासच राहील. पण म्हणून "ते आमच्याकडं नाही, दुसरं सांगा," असे म्हणून उडवूनही लावू नये. कर्ज खरे आहे आणि त्याची धास्तीही खरी आहे. अशा वेळी त्या मोठ्या गोष्टीतला स्वतःच्या हातचा भाग शोधायचा. भाऊंच्या बाबतीत विचारपूस केल्यावर कळले की बँकेची पत्रे आली ती त्यांनी उघडलीच नव्हती. कोणाचे किती देणे आहे, हा आकडाही घरात कोणाला नक्की ठाऊक नव्हता. मग पायऱ्या अशा ठरल्या. आजची स्थिती, म्हणजे उणे एक: पत्रे तशीच पेटीत पडून आहेत. शून्य: मुलाला शेजारी बसवून सगळी कागदपत्रे उघडायची आणि बँकेचे, सोसायटीचे, सावकाराचे आणि नात्यातले देणे एका कागदावर मांडायचे. अधिक एक: तो कागद घेऊन बँकेत जाऊन साहेबांना पुढची वाट विचारायची. अधिक दोन: काय फेडायचे आणि कशाची मुदत वाढवून मागायची, हे घरात बसून ठरवायचे. उणे दोन: कर्जाचा विषय निघताच उठून जाणे, घरात कोणाशीच न बोलणे. कर्जाचा एक रुपयाही यात कमी झालेला नाही. पण कर्जापुढे गोठलेला माणूस हलला की नाही, ते मात्र स्पष्ट दिसते.

दुसरे ध्येय भाऊंनी आपणहून सांगितले. "वावरात जाता आलं पायजे, पयल्यासारखं." ‘पहिल्यासारखे’ हा शब्द मोजता येत नाही, म्हणून तोही फोडून घ्यावा लागला. आज ते आठवड्यातून एखादा दिवस जातात, तेही कोणी ओढून नेले तर. ही झाली उणे एकची पायरी. सहा आठवड्यांनी, म्हणजे पोळ्यापर्यंत, आठवड्यातून चार दिवस सकाळी आठच्या आत जायचे आणि निदान तासभर काही काम करायचे, ही शून्याची. रोज जाणे आणि अर्धा दिवस काम करणे ही अधिक एकची. डवरणी कधी, फवारणी कधी, मजूर किती, हे पूर्वीप्रमाणे स्वतः ठरवू लागणे ही अधिक दोनची. आणि खाटेवरून उठणे, आंघोळ, जेवण हेही सुटले तर उणे दोन.

यात कुठेही ‘मन प्रसन्न होणे’, ‘आत्मविश्वास वाढणे’ असे शब्द आलेले नाहीत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ते मुद्दामच टाळले आहेत. घरातल्या तिसऱ्या माणसाला पाहून सांगता आले पाहिजे की ही पायरी गाठली की नाही. किती वेळा, किती वेळ, कोणाच्या मदतीने, केव्हापर्यंत, एवढे त्यात असले की पुरे.

ध्येय कोणाचे, हा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. दारूच्या बाबतीत तो हमखास उभा राहतो. बायको म्हणते, "यांची दारू बंद झाली पायजे." तो म्हणतो, "मले कामावर जाता आलं म्हणजे झालं." दोघांची ध्येये वेगळी, आणि बहुतेक वेळा कागदावर बायकोचेच उतरते, कारण बोलते तीच. मग तो महिनाभर तिच्यासाठी ‘बंद’ ठेवतो. माझ्या मते त्याचे ध्येय पहिल्या ओळीत लिहावे, बायकोचे दुसऱ्या ओळीत, आणि डॉक्टरांनी दोघांसमोर सांगावे की कामावर जाण्याची वाट दारू सोडण्यातूनच जाते. व्यसनमुक्तीच्या एए गटांत दारूविना गेलेले दिवस मोजतात, ते याच कारणाने. दिवस मोजता येतात, निश्चय मोजता येत नाही. एक सूचना मात्र येथेच देतो. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणे, भ्रम होणे, झटके येणे असे जिवावरचे प्रकार होतात. सोडावी जरूर, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

हीच पद्धत शरीराच्या आजारातही चालते, किंबहुना अर्धांगवायूनंतरच्या पुनर्वसनात ती जगभर फार वापरली जाते. तिथे १९६५ सालापासून दहा बाबींची शंभर गुणांची बार्थेल नावाची मोजणी आहे. खाणे, कपडे घालणे, चालणे, जिना चढणे, शौचाला जाणे वगैरे. आता समजा, एका साठीच्या आजीला उजव्या अंगाचा झटका आला. तीन महिन्यांनी त्या हातात काठी घेऊन चालू लागल्या, डाव्या हाताने जेवू लागल्या. शंभरातले गुण चांगले वाढले. सगळे म्हणतात आजी सुधारल्या. आजी मात्र गप्प. त्यांना विचारले तर त्या म्हणतात, "मले भाकर थापता येत नाही." भाकरी थापण्याला त्या मोजणीत एकही गुण नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे घराला ज्वारीची भाकरी घातली, तिला सुनेच्या हातची आयती भाकरी खाताना काय वाटत असेल, हे तक्त्यात कुठे बसणार? पायऱ्यांच्या वहीत ते बसते. उजव्या हाताने पीठ नुसते चाळवणे, मग दोन्ही हातांनी गोळा मळणे, मग तळहाताएवढी भाकरी परातीत थापणे, मग ती तव्यावर टाकणे. व्यायाम शिकवणाऱ्यालाही यातून कळते की बोटांचा कोणता व्यायाम कशासाठी घ्यायचा आहे, आणि आजीही रबरी चेंडू दाबण्याचा कंटाळा करत नाहीत. तवा आणि आगीच्या पायरीला मात्र कोणीतरी शेजारी हवे.

आता कोणी म्हणेल, एवढी लिखापढी कशाला? अनुभवी डॉक्टर चेहरा पाहून ओळखतो. अनुभवाचा मान ठेवूनही याचे उत्तर ‘नेहमी ओळखत नाही’ असेच द्यावे लागते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समुपदेशकांना विचारले होते की तुमच्याकडे येणाऱ्या ५५० जणांपैकी किती जणांची प्रकृती उपचार चालू असतानाही बिघडेल? त्यांनी तीन जणांकडे बोट दाखवले. प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली. समुपदेशक वाईट नव्हते. सुधारणा होईल अशी आशा धरणारा माणूस घसरण उशिरा पाहतो, इतकेच. नियमित मोजणी असली की घसरण लवकर दिसते आणि औषध बदलणे, मात्रा वाढवणे, निदान पुन्हा तपासणे या गोष्टी वेळेत होतात.

आपल्या भागात याचे मोल अधिकच आहे. २०१५ च्या सुमारास राज्य शासनाने शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यातील १४ जिल्ह्यांत वाशिम होता. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस केली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे माणसे दारापर्यंत येतात, बोलावले तर येतात. आत आल्यावर त्यांच्यासाठी काय होते, याचेही उत्तर जवळच आहे. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. छोटी छोटी कामे ठरवायची, ती घरी करून पाहायची, पुढच्या भेटीत काय जमले ते बोलायचे, असे त्याचे स्वरूप. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर समुपदेशन न मिळालेल्या गटातील ३९ टक्के. ठरवलेले छोटे काम हेच तिथे औषध होते आणि मोजमापही.

जाता जाता एक गंमत. आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. तेव्हापासून आरोग्य, शिक्षण, शेती अशा विषयांतील ४९ निकषांवर जिल्ह्याची प्रगती मोजली जाऊ लागली. जिल्ह्याला ४९ निकष आणि जिल्ह्यातल्या आजारी माणसाला ‘बरं हाये’!

घरी ही मोजणी करायला मोठा खटाटोप नको. शाळेची चाळीस पानी वही पुरते. एका पानावर एक ध्येय, त्याखाली पाच पायऱ्या आणि मुदतीची तारीख. ध्येये दोनच ठेवावीत, फार तर तीन. लिहिता येत नसेल तर मुलगी, नातू किंवा आशाताई लिहून देतील, मात्र शब्द रुग्णाचे असावेत. रोजची खूण भिंतीवरच्या कालनिर्णयावर केली तरी चालते. वावरात गेलो त्या तारखेला एक ठिपका. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या ठिपक्याचा अर्थ कळण्याचे कारण नाही. दर आठवड्याला एकाच वारी, बाजाराचा दिवस सोडून, पायरी लिहावी. रोज लिहू नये, कारण रोजचे चढउतार पाहून जीव उगाच टांगणीला लागतो.

काही चुका वारंवार होतात. शून्याची पायरी फार सोपी ठेवली की सगळे पास होतात आणि कोणाचे भले होत नाही. फार अवघड ठेवली की दुसऱ्याच आठवड्यात वही माळ्यावर जाते. दुसरी चूक घरच्यांची. वहीचा चाबूक करतात. "तीनच ठिपके? तू तर चार म्हणला होता," असे बोलू नये. ठिपके कमी झाले म्हणजे माणूस आळशी झाला असे नसून आजार वाढला असेल, किंवा औषध लागू पडत नसेल. ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. तिसरी चूक म्हणजे वरची पायरी गाठली की आपल्या मनाने गोळ्या थांबवणे. नैराश्याची गोळी बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवावी लागते आणि ती कमी करायची तर डॉक्टरांनीच.

उणे दोनच्या पायरीविषयी मात्र अगदी स्पष्ट लिहायला हवे. ती गाठल्यावर काय करायचे, हे उपचाराच्या पहिल्या दिवशीच त्याच पानावर लिहून ठेवावे. कोणाला बोलवायचे, कोणत्या दवाखान्यात न्यायचे, गाडी कोणाची. माणूस निरवानिरवीची भाषा करू लागला, ‘माझ्या मागे असं करा’ म्हणू लागला, जगण्यात अर्थ नाही म्हणू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, पायऱ्या मोजत बसायचे नाही. त्याला एकटे सोडू नये. मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तसे विचार डोक्यात भरतात, ही समजूत चुकीची आहे. फवारणीची औषधे घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करावी. गावातल्या गावात आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर वाट दाखवतील. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. ती चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. दवाखान्यात जाताना वही पिशवीत टाकावी. डॉक्टरांनी "कसं काय?" विचारले की ‘बरं हाये’ म्हणण्याआधी ती उघडून त्यांच्यापुढे ठेवावी. गर्दी कितीही असली तरी एक पान पाहायला अर्धा मिनिट लागतो.